अर्थिंगला घागरभर पाणी

धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ. प्रत्येक तालुक्याला एक तहसीलदार, एक बीडीओ आणि एक तात्या असतो. पहिल्या दोघांच्या बदल्या होतात. तात्या आहे तिथंच असतात, कारण त्यांच्या घरातलं सामान हलवायला ट्रक पुरणार नाही आणि त्यातलं काहीही टाकून द्यायला ते तयार नसतात.

तात्या म्हणजे व्हॉल्व्हवाले तात्या. आमच्या वाट्याला आलेले तुळजापूरचे. ओळखायला सोपे. खिशात पेनाच्या जागी टेस्टर, अंगठ्यावर सोल्डरचा जुना चटका आणि भेटल्याबरोबर पहिला प्रश्न, "तुमच्या माळ्यावर जुना मर्फी हाय का हो?" गावात कुणी म्हातारं माणूस गेलं की तात्या खांदा द्यायला पुढं असतात. तेराव्यापर्यंत धीर धरतात. चौदाव्या दिवशी हळूच येऊन बसतात आणि मयताच्या रेडिओची चौकशी करतात.

ट्रान्झिस्टर १९४७ साली निघाला, हे तात्यांना मान्य आहे. त्याची गरज होती, हे मान्य नाही. त्यांची तक्रार साधी आहे. "वाजतंय खरं, पण गरम कुठं होतंय?" जी वस्तू गरम होत नाही ती मनापासून काम करत नाही, असा त्यांचा सिद्धांत. तो ते रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना लावतात. हिवाळ्यात घरातलं मांजर त्यांच्या यंत्राला टेकून झोपतं, तेवढा एकच त्यांचा अनुयायी.

हे वेड लग्नाच्या मांडवात लागलं. तात्यांच्या लहानपणी नवरदेवाच्या आधी गावात स्पीकरवाला यायचा. लिंबाच्या झाडावर भोंगा बांधायचा आणि पत्र्याच्या पेटीतलं ॲम्प्लिफायर चालू करायचा. पण चालू केलं की लगेच वाजायचं नाही. आतल्या काचेच्या नळ्या, म्हणजेच व्हॉल्व्ह, आधी लालसर व्हायच्या, अर्धा मिनिट जायचा, मग भोंगा खाकरायचा. त्या अर्ध्या मिनिटात मांडवातली सगळी पोरं तोंड उघडं टाकून बघत राहायची. तात्या रेकॉर्डींची पेटी धरून सगळ्यात पुढं. बुंदीचं पहिलं ताट स्पीकरवाल्याला जायचं, हेही त्यांनी तेव्हाच टिपून ठेवलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आपलं यंत्र आपण बांधायचं. नकाशा मिळवला तो मुलार्डचा. इंग्लंडच्या या कंपनीनं १९५४ साली घरी बांधण्यासाठी एक ॲम्प्लिफायर लोकांपुढं ठेवलं होतं; व्हॉल्व्ह पाच, ताकद दहा वॅट, म्हणून नाव फाइव्ह-टेन. त्याच साली बेंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्स सुरू झाली, पुढं तिथं व्हॉल्व्हही बनले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तात्या मात्र तो पत्रिका जुळल्यासारखा सांगतात.

व्हॉल्व्ह आणले हैदराबादहून, कोठीच्या गुजराती गल्लीतून. सांगाडा केला घरातल्या धान्याच्या कोठीच्या झाकणाचा, ज्याबद्दल काकूंनी अजून माफ केलेलं नाही. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला मोटार रिवायंडिंगवाल्यानं. त्यानं आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी भरलेल्या. "कितीची काढायची? पाचची का साडेसातची?" असं त्यानं विचारलं तेव्हा तात्या दुकानातच खाली बसले. पण गडी इमानदार. एकेक फेरा मोजून भरला आणि वर वार्निशात बुडवून दिला, बोअरमध्ये सोडलं तरी चालेल असा.

पहिल्या दिवशी यंत्र सिरीज बोर्डवर लावलं. ज्यांनी मेकॅनिकच्या दुकानात वेळ घालवलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: शंभर वॅटचा बल्ब मध्ये जोडायचा. आत शॉर्ट असेल तर यंत्र जळण्याऐवजी बल्ब लखलखतो, सगळं ठीक असेल तर एकदा उजळून मंदावतो. बल्ब मंदावला. तात्यांनी तुळजाभवानी आईला हात जोडले, बल्ब काढून यंत्र थेट लाईनवर घेतलं, स्पीकर जोडला, आणि यंत्रानं अशी किंकाळी फोडली की समोरच्या लॉजमधले यात्रेकरू बाहेर आले.

त्या किंकाळीचं कारण तात्यांनी मला फार छान समजावलं होतं. बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडासा भाग उलटा करून परत आत पाठवतात, म्हणजे यंत्र आपली चूक आपण सुधारतं. निगेटिव्ह फीडबॅक. "साहेब, हितं चुकलं, असं तोंडावर सांगणारा एक माणूस आसतो बघा, तसा." पण ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांची अदलाबदल झाली की तोच भाग सुलटा जातो. मग सांगणारा राहत नाही, "व्वा साहेब, आणखी जोरात!" म्हणणारा कार्यकर्ता होतो. पुढं काय होतं ते आपण निवडणुकीत बघतोच. तारा बदलल्या, किंकाळी थांबली.

आणि तिच्याखाली दबलेली घुंई ऐकू आली.

बारीकशी, अखंड, भिंतीपलीकडं कुणी चक्की लावावी तशी. गाणं लागलं की लपायची, गाणं संपलं की हजर. या घुंईनं तात्यांची तीन वर्षं खाल्ली. व्हॉल्व्हमध्ये तारेला अंतर सुटलंय का म्हणून जोंधळ्याचं वाळकं धाट घेऊन ते चालू यंत्रातला एकेक भाग टोचून बघत. धाटातून करंट येत नाही. यंत्रात तीनशे व्होल्ट फिरत असतात, आणि जाणत्यांचा नियम असा की असल्या वेळी एक हात खिशात ठेवावा, म्हणजे झटका या हातातून त्या हातात छातीमार्गे जाणार नाही. तात्या धोतर नेसतात, त्याला खिसा नाही. म्हणून ते डावा हात पाठीमागं घेतात आणि उजव्या हातात धाट पुढं करून उभे राहतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं पुतळ्याचं अनावरण चाललंय. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो, तो ते पंधरा वॅटचा बल्ब टेकवून उतरवतात. एकदा विसरले होते. त्या दिवसाबद्दल काकू एवढंच सांगतात, "ह्यांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली."

धाटानं काही सापडलं नाही. तात्यांनी निदान केलं: अर्थिंग.

आता तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर वसलेलं. हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. अशा जमिनीत अर्थिंग लागायला खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरावं लागतं, आणि ते ओलं राहावं लागतं. तात्यांनी अंगणात खड्डा घेतला. दहा किलो मीठ घातलं, ज्यानं शेजारची तुळस गेली. आणि रोज सकाळी आंघोळीआधी तिथं एक घागर ओतायला सुरुवात केली. साल कुठलं, तर २०१६. शेजारच्या लातूरला त्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गल्लीत टँकर आला की बायकांची भांडणं ऐकू यायची, आणि तात्या शांतपणे जमिनीला पाणी पाजत उभे.

"आवो, माणसाला प्यायला न्हाई अन् तुमी मातीत वतताय?"

"माती नव्हं ती. अर्थिंग हाय."

"मग तिलाच म्हणावं, दुपारी भाकरी टाक."

पावसाळा आला, खड्डा तुडुंब भरला, घुंई होती तशीच. तात्या म्हणाले, पाऊस कमी झाला. मग संध्याकाळी होल्टेज एकशे सत्तरवर येतं, म्हणून असेल. मग रात्री शेतीची थ्री फेज सुटली की वाढतं, म्हणून असेल. एकदा तर ग्रहण होतं. यंत्रावर संशय घेण्याची वेळ तात्यांनी येऊच दिली नाही. आत बसलेले कितीतरी भाग त्यांनी तेरावं-चौदावं साधून मिळवलेले, आणि "आजकालच्या मालात दम न्हाई" हे त्यांचं ब्रीद.

सोडवणूक केली ती एका गोंधळीमामांनी. गल्लीतल्याच एका घरी लग्नाचा गोंधळ होता. मामा दुपारीच आले आणि तात्यांच्या ओट्यावर बसून तुणतुण्याची तार पिळू लागले. पिळता पिळता थांबले. कान टवकारला. उठून कोपऱ्यावरच्या डीपीपर्यंत, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, चालत गेले, खाली उभे राहिले, परत आले.

"तात्या, त्या डीपीचा अन् तुमच्या यंत्राचा सूर येकच हाय बगा."

"कायतरीच."

"काय तरीच न्हाई. केसाचा फरक न्हाई. येकच."

तात्यांना आधी राग आला. मग ते विचारात पडले. मग त्यांनी विचारलं, "खालचा खर्ज नव्हं ना, मामा? नीट आयका."

"खर्ज न्हाईच. त्येच्या वरचा."

मी तात्यांचा चेहरा त्या क्षणी पाहिला. आपल्या लाईनचा करंट सेकंदाला पन्नास वेळा हेलकावतो. अर्थिंगचा किंवा तारांचा दोष असता तर घुंई पन्नासाची, म्हणजे खर्जातली आली असती. डीपी मात्र शंभराची घुमते, कारण तिच्यातलं लोखंड प्रत्येक हेलकाव्याला दोनदा ताणलं जातं. आणि यंत्रात शंभराचा सूर एकाच ठिकाणी तयार होतो. लाईनचे दोन्ही हेलकावे सुलट करून घेतल्यावर जी खळबळ उरते ती शांत करायचं काम फिल्टरच्या कंडेन्सरचं. तो मेला की शंभर ऐकू येतो. तीन वर्षं तात्यांनी घुंई ऐकली होती. तिचा सूर कुठला, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. रेडिओवाल्याला आकडे दिसतात, गोंधळ्याला सूर.

कंडेन्सर एका जुन्या रेडिओतून काढलेला, त्याच्या मालकाच्या तेराव्यानंतर. व्हॉल्व्ह पन्नास वर्षांचा चालतो, पण कंडेन्सर भाकरीसारखा, ताजाच लागतो. पडून राहिला की त्याच्या पोटातलं द्रव्य सुकतं. पाणी आटलं होतं ते तिथं, आणि घागरी चालल्या होत्या अंगणात. काकूंना हे कसं सांगायचं, यावर तात्या आणि मी बराच वेळ बोललो. शेवटी सांगायचं नाही असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी तात्या पहिल्या एसटीनं ४५ किलोमीटर सोलापूरला गेले आणि सत्तेचाळीस मायक्रोफॅरडचा, साडेचारशे व्होल्टचा नवाकोरा कंडेन्सर घेऊन आले. अंगठ्याएवढा. त्याच्याकडं बघून त्यांना लाज वाटत होती, दम नसलेल्या काळातला तो माल होता. संध्याकाळी जोडला. मामांना मुद्दाम बोलावलं होतं. नातवानं आपला मोबाईल जोडला, कारण रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा तुटलेला आहे आणि त्याचं निदान अजून चालू आहे.

यंत्र तापलं. घुंई नव्हती. मामांनी स्पीकरला कान लावला, मान हलवली आणि संभाजीमहाराजांना दिल्यासारखा तात्यांना मुजरा केला. काकू भाकरी थापता थापता उंबऱ्यात आल्या. नातवानं गाणं लावलं. कुणी काही बोललं नाही, मांजरसुद्धा उठून बसलं.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला. कोपऱ्यावरची डीपी गप्प झाली. सगळी गल्ली काळी पडली. पण मोबाईल आपल्या बॅटरीवर होता, नळ्या अजून तांबूस होत्या, आणि त्या काळोखात यंत्र एकटंच गात राहिलं, दोन सेकंद, फार तर तीन, आणि मग हळूहळू विझत गेलं.

अंधारातून तात्यांचा आवाज आला.

"बघितलंत? नवा कंडेन्सर हाय."

"दिसला," काकू म्हणाल्या. "आता ती घागर घरात आणा."