अग्निबाणलोपमीमांसा

‘वस्तू हरवली’ असे म्हणणे ढोबळपणाचे आहे. न्यायशास्त्रात अभाव चार प्रकारचा सांगितला आहे. ज्या जिल्ह्यात वाई आहे, जिथे प्राज्ञपाठशाळा चालली आणि विश्वकोशाचे खंड सिद्ध झाले, तिथल्या माणसाने तरी या बाबतीत ढिलाई करू नये. मॉडेल रॉकेट खोक्यात असते तोवर उड्डाणाचा प्रागभाव. हवेत फुटले तर प्रध्वंसाभाव. शोधून आणलेली वस्तू कुणाच्या तरी दिवाळीतल्या बाणाची काडी निघाली तर अन्योन्याभाव. आणि उसात पडले तर अत्यंताभाव. हा शेवटचा समजावून द्यायला जुन्या नैयायिकांना ‘वायूला रूप नसते’ असली उदाहरणे द्यावी लागत. बिचाऱ्यांच्या काळी आडसाली ऊस नव्हता.

मे महिन्यात लिंब गावाजवळच्या एका मोकळ्या रानातून भाच्याने रॉकेट सोडले. पुठ्ठ्याची नळी, बाल्साचे तीन पंख, प्लॅस्टिकचे नाक. विकतच्या मोटरीवर ‘सी ६-५’ छापलेले होते. यातला शेवटचा ५ हा या शास्त्राचा गाभा. जळण संपल्यावर पाच सेकंद रॉकेट नुसत्या वेगावर चढते. मग मोटर उलट्या बाजूला छोटा बार काढते, नाक सुटते आणि पॅराशूट बाहेर पडते. ते जळू नये म्हणून मध्ये न पेटणारा कागद कोंबायचा असतो. तो आम्ही कोंबला होता. पॅराशूट सुरेख उघडले. सगळे शास्त्रोक्त झाले, आणि तिथेच घात झाला.

पूर्वपक्ष म्हणतो, हळू उतरणे ते सुरक्षित उतरणे. यावर गणित मांडू. रॉकेट २०० मीटर चढले, सेकंदाला ४ मीटरने उतरू लागले, म्हणजे ५० सेकंद अधांतरी. वारा सेकंदाला ५ मीटरचा असेल तर ते अडीचशे मीटर वाहून जाणार. वारा कुठूनही येऊ शकतो हे गृहीत धरले, तर शोधायचे वर्तुळ ४८ एकरांच्या वर जाते. राज्यात बारमाही बागायतीची कमाल मर्यादा १८ एकर आहे. म्हणजे मूठभर वजनाचे रॉकेट एवढ्या जमिनीवर हक्क सांगते, जेवढी ठेवली तर जमीनदाराला नोटीस येईल! पॅराशूट काढून नुसती फीत लावली तर उतरण्याचा वेग दुप्पट होतो, वाहून जाणे निम्मे होते आणि वर्तुळ पाव होऊन १२ एकरांवर येते. फीत कायद्यात बसते. पंख एखादा मोडतो, पण मोडलेला पंख चिकटवता येतो. न सापडलेला कशाला चिकटवणार?

पॅराशूटच्या मधोमध भोक पाडणे हा मधला मार्ग. भाच्याला तो पटत नाही, कारण भोक पाडलेले पॅराशूट फोटोत गरीब दिसते. भिरभिऱ्यासारखे फिरत उतरणे, गिरक्या खात पडणे हेही मार्ग आहेत. दुसरा फक्त हलक्या रॉकेटला झेपतो.

मात्र ग्रंथकारांची खरी चूक अशी की ते आकाशाकडे बघून पद्धत निवडतात. निवडायची ती खाली बघून. तासगावकडे द्राक्षबाग असेल तर खुशाल पॅराशूट लावावे, कारण मांडव ते हाताच्या उंचीवर झेलतो. तिथे रॉकेट लगेच सापडते, आणि त्याच्या मागोमाग आपण बागमालकाला सापडतो. चाळकेवाडीच्या पठारावर मुळीच सोडू नये. तिथे पवनचक्क्या उभ्या केल्या त्या काही देखाव्यासाठी नाहीत. लिंबची बारा मोटांची विहीर पाहायला जावे, पण रॉकेट घरी ठेवून.

खाली येऊन हाती लागण्याचे उत्तम सातारी उदाहरण मात्र पॅराशूटशिवायचे आहे. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेने अजिंक्यताऱ्याच्या तटाखाली सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यात गाडले गेले आणि उकरल्यावर जिवंत निघाले. दुसऱ्यात तट बाहेर कोसळून वेढा घालणाऱ्यांनाच त्याने गाडले. जे वर उडवायचे ते कुठल्या बाजूला पडेल हा विचार आधी करावा, एवढे तरी बादशाही सुरुंगवाल्यांकडून शिकता येते.

दुसरे उदाहरण दामोदर नदीचे. १९३५ साली स्टीफन स्मिथ यांनी रॉकेटातून कोंबडा आणि कोंबडी नदीपार धाडली. दोघेही जिवंत उतरले. याचे श्रेय सगळे रॉकेटाला देतात. माझे मत असे की कोंबडी ओरडून आपला पत्ता देते, त्यामुळे तिचा अत्यंताभाव होणे अवघड. हल्ली हौशी लोक रॉकेटात पीं-पीं वाजणारी घंटी बसवतात, ती या कोंबडीचीच शास्त्रशुद्ध आवृत्ती. आम्हीही बसवली होती. उसाच्या कडेला संध्याकाळी रातकिडे सुरू झाले आणि भाचा ज्या दिशेने धावला त्या प्रत्येक दिशेला रॉकेट वाजत होते.

शेवटी रानाचा मालक मोटारसायकल थांबवून बघत उभा राहिला.

“काय हुडकताय मास्तर?”

“रॉकेट. पॅराशूटवालं.”

“आन् गेलं कुठं?”

मी उसाकडे हात केला. दहा महिन्यांचा ऊस, माझ्या दीडपट उंच, आणि खाली पाचटाचा थर.

“आडसाली हाय. तोडीला या, दिवाळी झाल्यावर. टोळीला सांगून ठीवतो.” मग गाडी सुरू करता करता थबकला. “त्यात इस्तू न्हाई न्हवं राह्यला?”

मी त्याला उलटा बार, न पेटणारा कागद, पाच सेकंद असे सगळे सविस्तर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

“न्हाई, जळीत उसाचं कारखाना पैसं कापतो, म्हणून इचारलं.”

मीमांसेत हा मुद्दा घ्यायचा राहून गेला होता. आम्ही तिघे अंधार पडेपर्यंत बांधावर बसून धूर येतो का बघत राहिलो.