लिनक्स लाभार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना

(कार्यक्षेत्र : कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली व पंचक्रोशी)

प्रस्तावना

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा आधार काढून घेतला. त्या दिवशी कुरुंद्यात कुणाचंच काही अडलं नाही. दिवस सोयाबीनच्या काढणीचे होते, आणि ज्यांच्या यंत्रावर अजून विंडोज 7 नांदत होतं त्यांना तर आपला आधार 2020 सालीच गेला हेही कुणी कळवलं नव्हतं. तथापि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. चौकातल्या 'ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका' केंद्रातलं यंत्र पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेलं, नांदेडमार्गे आलेलं, चौथ्या पिढीचं असतं. चालतं ठणठणीत, पण निकषात बसत नाही. एका योजनेच्या निकषात न बसणाऱ्यानं दुसरी योजना शोधावी हा आपल्याकडचा रिवाज आहे. सबब, लिनक्स.

पात्रता

लाभार्थ्यानं विंडोजवर उमेदीची वर्षं काढलेली असावीत. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली 'विंडोज सक्रिय करा' ही फिकट विनंती त्याला वॉलपेपरचाच भाग वाटत असावी. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र असल्यास सत्यप्रत जोडावी. 2001 पासून या अभ्यासक्रमानं महाराष्ट्राला माऊस धरायला शिकवलं, पण शिकवला तो विंडोजचा. केरळनं त्याच दशकात आपल्या सरकारी शाळा लिनक्सवर नेल्या. आपण कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, आणि विंडोज म्हणजे कॉम्प्युटरसोबत मिळणारी वस्तू, असं धरून चाललो.

डेस्कटॉपवर राईट क्लिक करून लागोपाठ तीन-चारदा 'रिफ्रेश' मारण्याची सवय असणाऱ्यास प्राधान्य. मात्र त्यानं मन घट्ट करावं. लिनक्स मिंटच्या डेस्कटॉपवर राईट क्लिक केल्यावर जी यादी उघडते तीत रिफ्रेश नाही. पहिला आठवडा हाताला चुकल्याचुकल्यासारखं होतं. रिफ्रेश मारल्यानं विंडोजसुद्धा कधी वेगवान होत नव्हतं, हे लाभार्थ्याला एवढ्यात सांगू नये. एका वेळी एकच धक्का.

वाणाची निवड

लिनक्स एक नाही, शेकड्यानं आहेत. मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन, शिवाय सी-डॅकनं 2007 साली आणलेलं आपलं सरकारी बॉस. हळदीच्या भाषेत सांगायचं तर कंद एकच, पाला तेवढा वेगवेगळा. हा कंद, म्हणजे कर्नल, लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं 1991 साली लावला. अँड्रॉइडच्या मुळाशीही तोच आहे, म्हणजे 'आपल्याला नाही जमायचं ते लिनक्स' असं व्हॉट्सॲपवर कळवणारा गृहस्थ ते लिनक्सवरूनच कळवत असतो.

कोणता वाण चांगला हे कुणालाही विचारू नये. विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावातलं हे गाव आहे. वाद घालायला इथं विषय मिळाला की झालं, आणि लिनक्सवाल्यांचा वाद तर तर्कानंही मिटत नाही. मिंट घ्यावं. का, असं कुणी विचारल्यास 'खाली डाव्या कोपऱ्यात स्टार्टसारखं बटण आहे' एवढं उत्तर पुरतं. दोन जीबी रॅमवर ते उठून बसतं, चार जीबीवर चालतं.

डी ड्राइव्हविषयी गंभीर इशारा

हे कलम दोनदा वाचावं.

आपल्याकडं फॉरमॅट मारणारा पोरगा सी ड्राइव्ह पुसतो आणि डी तसाच ठेवतो. त्यामुळं 'डी मध्ये ठेवलं की काही होत नाही' ही श्रद्धा मराठवाड्यात टोकाई देवीच्या नवसाइतकी पक्की आहे. पोरांचे वाढदिवस, सातबाऱ्याचे स्कॅन, गावातल्या निम्म्या लग्नपत्रिका, सगळं डी मध्ये 'न्यू फोल्डर (3)' या नावाखाली सुखात असतं. लिनक्सच्या इन्स्टॉलरला ही श्रद्धा ठाऊक नाही. 'डिस्क पुसून लिनक्स टाका' हा पर्याय निवडला की तो सी, डी, ई असा भेदभाव न करता अख्खी डिस्क सारवून काढतो. पुढं लिनक्समध्ये डी शोधत बसावं, तर तिथं ही अक्षरंच नाहीत. एका तिरक्या रेघेपासून सगळा संसार सुरू होतो.

म्हणून आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावं, आणि ती डिस्क सीपीयूच्या शेजारी जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवावी. जुलै 2022 मध्ये गावात पुराचं पाणी शिरलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना माळ्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

प्रत्यक्ष कार्यवाही

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असते. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, त्यासाठीच्या सॉफ्टवेअरनं उतरवावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं. भजनांचा पेनड्राइव्ह वापरू नये. घरात कळतं.

यंत्र सुरू होताना एफ 12 दाबावं. काही ठिकाणी एफ 9, काही ठिकाणी एस्केप. हार्मोनियमसारखी सगळी पट्टी दाबून पाहणारेही यशस्वी होतात. मिंट पेनड्राइव्हवरूनच उघडतं, डिस्कला हात न लावता. इथं दोन दिवस रेंगाळावं. आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, वायफाय लागतं का, हे बघून घ्यावं. वायफाय न लागल्यास मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं, ते मुकाट चालतं. ही एक युक्ती बाकी सगळ्या कलमांपेक्षा मोलाची आहे, पण मार्गदर्शन एका ओळीचं असू नये असा संकेत आहे.

कायमचं टाकायचं ठरल्यास लाईट आहे म्हणून सुरुवात करू नये. लाईट जाणार नाही याची खात्री करून सुरुवात करावी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्व्हर्टर नसेल तर शेजाऱ्याचा मागावा.

लग्नपत्रिका : खरी कसोटी

केंद्रचालक इथं पडतो. सातबारा ब्राउझरमध्ये उघडतो, त्याला खालचं यंत्र कोणतं याच्याशी देणंघेणं नाही. हिशेबाला लिब्रेऑफिस आहे. युनिकोड मराठी तर लिनक्समध्ये फुकट आणि नेटकी उमटते, इनस्क्रिप्टनं टंका नाही तर उच्चारानुसार. पण गावची मराठी युनिकोडमध्ये नाही. ती कृतिदेव आणि श्रीलिपीत आहे. त्या फाइलींत 'चि.सौ.कां.' साठवलेलं नसतं, साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, ज्यांना फॉन्ट मराठीचं सोंग देतो. फॉन्ट नसला की सोंग उतरतं आणि वधूपित्याला आपल्या सात पिढ्यांच्या जागी कंस, स्वल्पविराम आणि टक्क्याचं चिन्ह दिसतं. 'सर, हे कामून असं दिसूलालंय?' या प्रश्नावर 'एन्कोडिंगचा प्रश्न आहे' असं उत्तर देऊ नये. लग्नघर आहे.

कृतिदेवचा फॉन्ट लिनक्समध्येही टाकता येतो आणि पुष्कळसं निभतं. खरा बांध कोरेलड्रॉचा. इंकस्केप त्याची फाइल उघडतं, पण गणपती डावीकडं, मुहूर्त उजवीकडं आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' कागदाबाहेर. गंमत अशी की खुद्द कोरेल कंपनीनं 2000 साली लिनक्ससाठी कोरेलड्रॉ काढलं होतं, आणि मग सोडून दिलं. तो नाद टिकता तर आज फ्लेक्सवरच्या तमाम युवा नेत्यांचे वाढदिवस लिनक्सवर साजरे झाले असते.

अंगठ्याचे ठसे घेणारं यंत्र आणि डिजिटल सहीचा डोंगल यांचीही गत तीच. त्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारे बहुधा विंडोज गृहीत धरून बसतात. सरकारनं स्वतःचं लिनक्स काढलं म्हणून सरकारी कामाला लिनक्स चालेलच, असं कुठं लिहिलेलं नाही.

एका यंत्रात दोघांचा संसार

म्हणून बहुतेकांनी दोन्ही ठेवावीत. सुरू करताना निवड विचारली जाते : अर्ज आणि इंटरनेटसाठी लिनक्स, अंगठा आणि अक्षतांसाठी विंडोज. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करावं. नाहीतर ते झोपल्याचं सोंग घेऊन डी ड्राइव्ह धरून बसतं आणि लिनक्सला तिथं नुसतं वाचायची मुभा उरते.

आणखी एक भांडण घड्याळाचं. लिनक्स यंत्रातल्या घड्याळाला जागतिक वेळ लावतं, विंडोज त्याच घड्याळाला भारतीय वेळ समजतं. परिणामी लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागं. सकाळी अकराला केंद्र उघडणाऱ्याच्या पडद्यावर पहाटेचे साडेपाच वाजलेले दिसतात आणि पोर्टलं कुरकुरायला लागतात. एका ओळीची आज्ञा देऊन लिनक्सला भारतीय वेळेवर आणता येतं. लिनक्सलाच समजावून सांगावं. ते ऐकतं.

तांत्रिक साहाय्य व शुल्क

विंडोज बिघडलं तर वसमतचा पोरगा मोटारसायकलवर येतो, चहा घेतो, फॉरमॅट मारतो, 'आता बघा कसं पळतंय' म्हणतो आणि पैसे खिशात घालून जातो. लिनक्स बिघडलं तर कुणीही येत नाही. विंडोज इतकी वर्षं टिकलं ते या मोटारसायकलीवर, असं आमचं मत आहे. सबब त्या पोरालाच आधी मिंट शिकवावं, निदान पेनड्राइव्हवरून उघडून दाखवावं. तो नाक मुरडेल. फॉरमॅटचा धंदा बसेल ही त्याची भीती रास्त आहे, कारण व्हायरसच्या नावानं जी आवक होते ती लिनक्सवर आटते.

इथं शुल्काचं कलम कामी येतं. लिनक्स फुकट आहे हे गिऱ्हाइकाला सांगू नये. फुकटची वस्तू म्हणजे बियाण्याच्या कंपनीनं वाटलेली टोपी, अशी लोकांची समजूत आहे. कर्नलचा परवाना, ज्याला जीपीएल म्हणतात, प्रत देण्याचे पैसे घ्यायला स्पष्ट मुभा देतो. विंडोज टाकायचे जेवढे घेत होता, त्यापेक्षा शंभर जास्त सांगावेत. पन्नास कमी करायला जागा राहते.