जीर्णगृहाभिमानी

कोकणातील जुन्या घरांवर सर्वांत उत्कट प्रेम कोण करतो, असे कोणी विचारलेच, तर त्या घरांत बारमाही राहणाऱ्यांमध्ये त्याचा शोध घेण्याची तसदी घेऊ नये. हा अनुराग मुंबईस वास्तव्य करून असतो, भाद्रपदात कोकणकन्येने कणकवलीस उतरतो, गणपतीबरोबर पाच दिवस मुक्काम करतो आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत जागा धरतो. देवगड तालुक्यातल्या मिठबावात, रामेश्वराच्या देवळापासून गजबादेवीपर्यंत, ज्या ज्या वाडीत एखादे चिरेबंदी कौलारू घर अजून उभे आहे, त्या त्या घरास असा एक अभिमानी गृहस्थ नेमून दिलेला असतो. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत, त्यांना सारी वाडी 'दादा' म्हणते. अधिक नावनिशी देण्याचे प्रयोजन नाही, कारण वाचकांपैकी बहुतेकांच्या घराण्यात असा एक दादा असतोच.

दादांचा गृहप्रवेश हा एक विधी असतो. खळ्यात पाऊल पडताच ते पादत्राणे काढतात, तुळशीला नमस्कार करतात, आणि पडवीच्या फणसाच्या खांबावर तळवा टेकून क्षणभर डोळे मिटतात. पणजोबांनी हा फणस आपल्या परड्यातला तोडला, तो कसा चिरवला, खांबाला तासणी कोणाच्या हातची, हे आख्यान ते डोळे मिटूनच सांगतात. त्यामुळे त्यांच्या तळव्याखालून वाळवीची तांबडी माती भुरुभुरु गळत असते, ती त्यांना दिसत नाही. ती धाकट्या चुलतभावाच्या बायकोला दिसते, आणि ती काही न बोलता केरसुणी आणायला जाते. शहरातून आलेल्या जावयांना आणि नातवंडांना दादा मग घर हिंडवून दाखवतात: हे माजघर, ही देवाची खोली, हा माळा, ही बाळंतिणीची काळोखी खोली, जिच्यात आपण जन्मलो. ह्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो, ही गोष्ट ते अशा प्रौढीने सांगतात की, उजेड ही अलीकडे बोकाळलेली एक वाईट सवय असावी, असा ऐकणाऱ्याचा ग्रह व्हावा.

"जांभ्याची भिंत श्वास घेते," हे दादांचे अत्यंत आवडते वाक्य. त्यात तथ्य नाही असे नव्हे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागता लागता टणक होतो, आणि वैशाखातल्या दुपारी त्या भिंतींच्या आत जो गारवा असतो तो विकत मिळत नाही. पण ह्या किनाऱ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि त्याचा मोठा हिस्सा दादा मुंबईस असताना कोसळतो. "दादानू, भिती श्वास घेतत ता खरा," चुलतभाऊ म्हणतो, "पण आषाढात तेंका खोकलो येता." मृगापूर्वी घर शाकारायला हवे, कौलांवर चढणारा गडी आता मिनतवारीने मिळतो, आणि तो उतरून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी माकडांची टोळी आढ्यावरून दौड करून त्याच्या कामाचा फडशा पाडते. माजघरात तीन टोपली, देवाच्या खोलीत एक परात आणि भाताच्या कणगीवर ताडपत्री अशी पावसाळ्याची मांडणी वर्षानुवर्षे कायम आहे. माळ्यावर जनावराची कात सापडली, तेव्हा दादांनी दूरध्वनीवरून निक्षून बजावले, "त्याला मारू नका, तो घराचा राखणदार आहे." ह्या बाबतीत त्यांचे धैर्य साडेचारशे-पाचशे किलोमीटरांइतके अढळ असते.

दादांच्या भक्तीचा कळस म्हणजे कौले. "ही खरी आपली, पूर्वजांची," असे म्हणत त्यांनी एकदा एक फुटके कौल वर्तमानपत्रात गुंडाळून मुंबईस नेले आणि दिवाणखान्याच्या कपाटात, नातवाच्या पदकांशेजारी, काचेआड ठेवले. त्या कौलाच्या पाठीवर रोमन लिपीत बासेल मिशनचे नाव उठवलेले आहे. जर्मन भाषिक पाद्र्यांनी १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि तिथली यंत्राने दाबलेली चपटी कौले पुढे गलबतांतून ह्या सबंध किनाऱ्यावर उतरू लागली. तोवर आपल्या लोकांच्या डोक्यावर गवत, झावळ्या, नाहीतर कुंभाराच्या हातचे नळे असत. तेव्हा दादांच्या पणजोबांनी नळे उतरवून मंगलोरी कौले चढवली, त्या वर्षी वाडीतल्या कोणा वृद्धाने कपाळाला हात लावून घराचे घरपण गेल्याची तक्रार केली नसेल, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. तो वृद्ध बहुधा पणजोबांचा मुंबईहून आलेला वडील भाऊ असावा.

आता दादांच्या मुंबईतील निवासस्थानाविषयी. त्यांची हयात वरळीच्या बी. डी. डी. चाळीत गेली. एकशे साठ चौरस फुटांची खोली, सामायिक संडास, आणि गॅलरीत शेजाऱ्याचे लोणच्याचे बरणीदान. ह्या चाळी १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. म्हणजे वयाने त्या मिठबावच्या घराहून फारशा लहान नाहीत, आणि स्मृती, माणुसकी, सामायिक गणपती ह्या सर्व कसोट्यांवर त्यांचा दर्जा कुठेही उणा नाही. परंतु पुनर्विकासाचा प्रस्ताव आला, तेव्हा संमतीपत्रावर अग्रक्रमाने सही करणाऱ्यांत दादा होते, नव्हे, जे कुरकुरत होते त्यांच्या दारोदार फिरून, "आठवणी काय, नव्या घरातही होतात, छप्पर डोक्यात पडल्यावर होत नाहीत," असे त्यांनी पटवले. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ रहिवाशांना पाचशे चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या, तो सोहळा त्यांनी दूरचित्रवाणीवर सद्गदित होऊन पाहिला. जुन्या घराच्या रक्षणाविषयीची दादांची मते ही अशी प्रदेशनिष्ठ आहेत. कशेडी घाटाच्या अलीकडे-पलीकडे माणसाची बोली बदलते, तर मते का बदलू नयेत?

न्यायासाठी नव्या पक्षाचीही कैफियत नोंदवली पाहिजे. चुलतभावाने आंब्याच्या एका चांगल्या हंगामाच्या जोरावर जुन्या घरामागे दोन खोल्या स्लॅबच्या बांधल्या. गुळगुळीत फरशी, आतच न्हाणीघर, सरकत्या काचेच्या खिडक्या; वास्तुशांतीला अख्खी वाडी जेवली. दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब पाझरू लागला, आणि आता त्याच्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातले आहेत. हे पत्रे तांबडे आहेत, आणि त्यांच्यावर कौलांचा आकार उठवलेला आहे. देवगडपासून आचऱ्यापर्यंत हा प्रकार सर्रास दिसतो: आधी कौल नको म्हणून स्लॅब, मग स्लॅबसाठी पत्रा, मग पत्र्याला कौलाचे सोंग. मे महिन्यात ह्या खोल्यांत दुपारी थांबवत नाही. सारे घर जुन्या पडवीत येऊन लोळते. रात्री मात्र नव्या खोल्यांत झोपायला जाण्यासाठी लहानांत चुरस असते, आणि मोठ्यांपैकी दादांची. पहिली रात्र ते माजघरात पूर्वजांच्या सान्निध्यात काढतात. दुसऱ्या रात्रीपासून, वैद्यांनी कंबरेसाठी सपाट जमीन आणि खुर्चीचा संडास सांगितला असल्यामुळे, नाइलाजाने स्लॅबखाली येतात.

गेल्या चतुर्थीला चुलतभावाने मुख्य प्रश्नास तोंड फोडले. जुने घर उतरवून त्याच जोत्यावर नवे बांधावे, असा त्याचा मनोदय. पण घराखालच्या जमिनीचा सातबारा म्हणजे घराण्याचा वंशवृक्षच. वारसांचे फेरफार होता होता त्यात पुणे, बडोदे आणि दुबई येथील खातेदार शिरले आहेत, आणि १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली केंद्राने मुलींना जन्मसिद्ध हिस्सा दिल्यापासून आत्यांची मुलेही हक्काने विचारू लागली आहेत. त्या सर्वांची संमतीपत्रे चुलतभावाने दोन वर्षे खपून जमवली. सही राहिली ती एकट्या दादांची. गावातली किती जुनी घरे जिव्हाळ्याने टिकली आणि किती अशा एका सहीवाचून, ह्याची कोणी दप्तरे तपासली तर निकाल अभिमान्यांच्या बाजूने लागेलच असे नाही.

दादांनी नकार दिला नाही. विसर्जनाच्या रात्री बसून त्यांनी एका फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात अटींचा मसुदा तयार केला. नव्या घरास पडवी असावी. छपरावर अस्सल मंगलोरी कौलेच असावीत. फणसाचा खांब जागचा हलवू नये. चूल लाकडाची ठेवावी. माजघराची जमीन शेणाने सारवलेली असावी आणि खळेही दर पंधरवड्याने सारवले जावे. लिहिणाऱ्याच्या खोलीस मात्र वातानुकूलन यंत्र व पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप जोडावे. मसुदा माजघरात मोठ्याने वाचला गेला. चुलतभाऊ खाली मान घालून ऐकत राहिला. त्याची बायको निरफणसाच्या कापा तळता तळता स्वयंपाकघराच्या दारात आली, झारा तसाच हातात धरून तिने सारी कलमे ऐकून घेतली आणि नवऱ्याला म्हणाली,

"माका सगळा मान्य आसा. फकत खळा सारवूक दादानू खयच्या दिसाक येतले ता इचारा, त्याच दिसाक तेंची सही घेवया."