कांद्याला चाळ, माणसाला डबा

रा. रा. ठेकेदारसाहेब यांस,


नारायणगाव ते मंचर रस्त्यालगतचे तुमचे बंगले लांबून ओळखू येतात. पुढे दोन मजली काच, रात्री निळे दिवे. काच उघडत नाही एवढं सोडलं, तर एलिव्हेशन झकास! आमच्या बेडरूमला तुम्ही एकच खिडकी ठेवलीत, तीही स्लायडिंग. म्हणजे पैसे पूर्ण खिडकीचे, हवा अर्धीची. समोरची भिंत कोरी. आत आलेली हवा बाहेर जाणार कुठून, असं विचारलं तर म्हणालात, "फॅन आहे ना!" फॅन तीच हवा घुसळतो, शेठ. बदलत नाही.

हे तुम्हाला कळत नाही असं कसं म्हणू? आमची कांदा चाळही तुम्हीच बांधलीत, आणि नमुनेदार बांधलीत. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, तळाला फटी, बाजूंना फटी. कांदा भरायची पाखी ४ फुटांहून रुंद करायला तुम्ही साफ नकार दिलात, कारण मग ढिगाच्या मध्यापर्यंत वारा पोचत नाही. साठवलेला कांदाही श्वास घेतो, ऊब आणि ओल सोडतो, ती कोंडली की सड लागते, हे मला तुम्हीच समजावलंत. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयातल्या शास्त्रज्ञांनी मान डोलावली असती.

आमचे आई-वडील मात्र श्वास घेत नसावेत, असा तुमचा अंदाज दिसतो. नुसता बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो. त्याच्या उच्छ्वासात ४ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. खोलीत हा वायू हजारात एक भाग झाला की हवा बिघडली समजा, असं म्युनिकच्या पेटेनकोफरने १८५८ मध्येच सांगून ठेवलंय. क्षय आणि कोविड तर कोंदट हवेची वाटच बघत असतात. वारा पडला तरी गरम हवा हलकी होऊन वर चढते. जुन्या घरात कौलांच्या फटींतून, झरोक्यातून ती निघून जायची आणि खालून गार हवा आत यायची. तुम्ही स्लॅब टाकलात, वरची वाट बुजवलीत. स्वयंपाकघरातल्या चिमणीला पाइप दिला नाहीत ते वेगळंच. मिरचीची फोडणी आता हॉलमधले पाहुणेही खातात.

आणि खिडक्या कमी ठेवायला बिबट्याचं कारण सांगू नका. ऊस दारापर्यंत आलाय, उसातून बिबट्याही, अंगणात बाज टाकून निजायचे दिवस गेले, कबूल. पण दार रात्रभर बंद ठेवायचं असेल तर समोरासमोर गजांच्या खिडक्या नि बीमखाली झरोके जास्तच लागतात. माणिकडोहच्या निवारा केंद्रातला बिबट्या गजांआड असतो, पण हवा तरी खातो.

उद्या गवंडी झरोके पाडायला येतोय. त्याची मजुरी तुमच्या शेवटच्या हप्त्यातून वळती केली आहे. हरकत असेल तर जरूर या, बेडरूममध्येच बसू. दार मी लावून घेईन.

आपला,
एक घरमालक (चाळीत मुक्कामी)