लाल थेंबाचे काका

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये हे काका हमखास भेटतात. मुलाची नवी गाडी गराजमध्ये आणि काकांची 1997 ची ऑटोमॅटिक टोयोटा कॅम्री बाहेर ड्राइव्हवेवर, टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उभी. सकाळी चहाआधी काका वाकून पुठ्ठा वाचतात. काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल. त्यात काकांना रस नाही. लाल दिसला की चेहरा उजळतो. पण टोयोटाचं कूलंटही लालच! मग थेंब चिमटीत चोळून निकाल लागतो : ‘‘तेलकट आहे. ट्रान्समिशनच!’’

‘‘थेंब पडतो तिथे गळती नसते,’’ हे काकांचं ब्रह्मवाक्य. वाऱ्याने तेल मागे पसरतं. म्हणून आधी खालचा भाग लख्ख धुवायचा, गाडी फिरवून आणायची, मग ओल शोधायची. पॅनचं गॅस्केट, कूलरच्या नळ्या, अ‍ॅक्सलची सीलं, सगळ्यांची झडती होते. शेजाऱ्याने पॅनचे बोल्ट जीव खाऊन आवळले, कड वाकली आणि गळती वाढली, ही कथा काका बारशातसुद्धा सांगतात. ‘‘फक्त पाच न्यूटन-मीटर! बाटलीचं झाकण याहून घट्ट लावता तुम्ही.’’

तेल भरल्यावर पातळी बघायची ती गाडी तापवून, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून, पार्कमध्ये आणून, इंजिन चालू ठेवून. हा मुहूर्त नेमका पाहुणे पानावर बसताना येतो.

‘‘अहो, जेवायला चला!’’

‘‘हॉट लेव्हल बघतोय. गार झालं की सगळं मुसळ केरात!’’

‘‘इकडे आमटीची हॉट लेव्हल केव्हाच गेली!’’ काकू.

अखेर दोषी सापडलं : टॉर्क कन्व्हर्टरमागचं पुढचं सील. सील स्वस्त, पण त्यासाठी अख्खं ट्रान्समिशन उतरवावं लागतं. मेकॅनिकने मजुरी सांगितली आणि काकांनी शांतपणे डेक्स्रॉन तेलाचा आणखी एक खोका आणला. ‘‘महिन्याला पावशेर जातं. एवढं तर आपल्याकडे शेजारी मागून नेतात.’’

शेवटी मुलाने वैतागून त्यांना विजेची गाडी घेऊन दिली. इंजिन नाही, क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत. काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मॅन्युअल हातात घेऊन धावत आले : ‘‘अगं, हिच्यातही रिडक्शन गिअर आहे! म्हणजे तेल आहे, म्हणजे सील आहे!’’

काकूंनी मुकाट्याने फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा काढून दिला.