पितृपक्षातली प्रथिने

पितृपक्ष लागला की वृद्धाश्रमांचे फोन खणखणू लागतात. सर्वपित्रीची तारीख मिळवणं म्हणजे मे महिन्यात कोकण रेल्वेचं आरक्षण मिळवणं. खीर, वडे, भजी, वर जिलेबी. गेलेल्यांच्या नावानं असलेल्यांची साखर वाढते.

आश्रमात जेवणाचा बेत ठरवतं कोण? आचारी? आहारतज्ज्ञ? छे! देणगीदाराचा वाढदिवस. नातवाचं बारसं असेल तर श्रीखंड, सूनबाईंना बढती मिळाली तर गुलाबजाम. कुणाच्याच घरी काही नसेल, तर वरण.

त्यात डाळ सापडली, तर तो दिवस सणाचा.

उतारवयात भूक मंदावते, प्रथिनांची गरज मात्र मंदावत नाही. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज निदान 1 ग्रॅम प्रथिने हवीत, असं युरोपातले पोषणतज्ज्ञ सांगतात. 60 किलोच्या आजोबांना 60 ग्रॅम. 30 ग्रॅम तूरडाळीतून मिळतात जेमतेम सहा-सात. उरलेली काय गुलाबजामातून काढायची?

मग अंडं द्या की! बी-12 सुद्धा मिळेल. वय झालं की ते अन्नातून नीट शोषलं जात नाही, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखीच कमी. पण देणगीदार पडले शाकाहारी. जन्मभर बांगडा खाल्लेल्या मालवणच्या आजींनी आता दुसऱ्याच्या पुण्यासाठी पडवळ चावायचं.

कशानं चावायचं, ते विचारू नका. कवळी दुरुस्तीला गेलीय.

रात्रीचं जेवण साडेसहाला, कारण स्वयंपाकाच्या मावशींची बस सातची. सकाळचे पोहे नऊला. मधे साडेचौदा तास. अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी केंद्र सरकारचा नियमच आहे: रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी यांत 14 तासांहून जास्त अंतर नको. झोपण्यापूर्वी काही पौष्टिक दिलं तर 16 चालतील, पण तिथं राहणाऱ्यांच्या गटाची त्याला संमती हवी.

म्हणजे म्हाताऱ्यांना विचारायचं? आपल्याकडे तर विश्वस्तांची बैठक त्यांना चहा आणून देण्यापुरतीच माहीत असते.

खरं तर फार काही लागत नाही. आमटीत मूठभर दाण्याचं कूट, दुपारी वाटीभर दही, निजताना कपभर दूध. आठवड्याचा तक्ता भिंतीवर, आणि तो पाळायचा. दर महिन्याला प्रत्येकाचं वजन. महिन्यात 5 टक्के घटलं, म्हणजे 60 किलोंमागे 3 किलो, की डॉक्टरांना फोन.

तेव्हा येत्या वाढदिवसाला आश्रमाला एक वजनकाटा द्या. मिठाईहून स्वस्त पडेल आणि वर्षानुवर्षं टिकेल.

कुणी देत नाही. जिलेबी भरवतानाचा फोटो छान येतो. काट्यावरच्या आजींबरोबर काढला, तर त्यात आकडासुद्धा येईल ना!