पाटी नको, पाइप हलवा

‘डोके सांभाळा’ ही लाल पाटी ज्या पाइपावर, तुळईवर किंवा जिन्याच्या वळणावर लावलेली दिसते, तिथे ती लागण्याआधी कुणाचं तरी डोकं आपटलेलं असतं. म्हणजे धोका मालकाला ठाऊक आहे. पाटी हा त्याचा कबुलीजबाबच.

तरी टेंगूळ आलं की कामगारालाच दटावणार, ‘लक्ष कुठे होतं?’ लक्ष कामावर होतं! मशिनखाली वाकून नट आवळणारा उठताना वर बघत नाही. दोन्ही हातांत खोकी घेऊन पोटमाळ्यावरून उतरणारा पायरी बघतो, तुळई नाही. अर्ध्या ओढलेल्या शटरची पत्र्याची कड तर नेमकी कपाळावर बसते.

मग हळद दाबायची आणि पुन्हा कामाला लागायचं. नोंद कुठेच नाही. जखमी माणूस 48 तास किंवा जास्त कामाला मुकला तर अपघात कळवा, असं कायदा सांगतो. तासाभरात कामाला लागलेल्याचा मार कागदावर येणार कसा?

आणि डोक्याचा मार लगेच कळतोच असं नाही. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचू शकतं. वयस्कर माणसाला आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला धोका जास्त. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात घोळ, यातलं काहीही दिसलं की तडक हॉस्पिटल गाठा. फ्रान्सचा राजा आठवा शार्ल 1498 मध्ये आंब्वाझच्या किल्ल्यात दाराच्या चौकटीवर डोकं आपटून काही तासांत गेला. वय अवघं 27.

आता आत कडक कवच असलेली ‘बंप कॅप’ मिळते. ती जरूर द्या. पण तिचं युरोपीय मानक, ईएन 812, स्थिर वस्तूवर डोकं आपटण्यापुरतंच आहे. वरून काही पडणार असेल तिथे हेल्मेटच हवं. शिवाय टोपी हा शेवटचा उपाय. आधी पाइप हलवा. हलत नसेल तर कडेला जाड रबर बसवा, पिवळे-काळे पट्टे मारा, उजेड वाढवा. शटर पूर्ण वर घ्या.

उद्याच सगळ्यात उंच कामगाराला हेल्मेट घालून कारखानाभर फिरवा. तो जिथे जिथे वाकेल, तिथे खडूने फुली मारा आणि कामाला लागा. खर्चाचं रडगाणं नंतर ऐकू.